घेर, गिरकी आणि समई

कापडाच्या धंद्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला कोणतेही वस्त्र आधी उलटे करून पाहण्याची सवय असते. वरचे अंग गिऱ्हाइकासाठी; टाका, अस्तर आणि शिवण आतूनच कळते. सोनारीच्या आमच्या दुकानात नऊवारी, धोतरे आणि खण मोजता मोजता ही सवय मला जडली. म्हणून पुण्याच्या माझ्या नातीने बॅले नृत्यासाठी लागणाऱ्या ‘टूटू’ नावाच्या घागऱ्याचे चित्र दाखविले, तेव्हा मी प्रथम एवढेच विचारले, “बाळ, हा आतून कसा असतो?”

माझी थोरली बहीण, आम्हा सर्वांची आक्का, हिचा प्रश्न मात्र वेगळा होता. समाजाच्या स्नेहसंमेलनात आपल्या घरच्या मुलीने एवढा आखूड पोशाख घालून उभे राहावे काय? सूनबाई गप्प राहिल्या. नात माझ्याकडे पाहू लागली. घरातील मुलीची हौस आणि वडीलधाऱ्यांचा संकोच, दोन्ही खरे होते. तेव्हा मी ठरविले, की आधी मालाची माहिती काढावी, मग मत द्यावे.

या घागऱ्याचा जन्म पॅरिसचा. १२ मार्च १८३२ रोजी तेथे ‘ला सिल्फीद’ हे नृत्यनाट्य झाले आणि मारी तालिओनी ही नर्तकी पांढऱ्या, घेरदार, तलम वस्त्रात पायांच्या बोटांवर उभी राहून नाचली. तो घागरा पोटऱ्यांपर्यंत लांब होता. गॅसच्या दिव्यांत तो धुक्यासारखा दिसे. कापड मात्र ओळखीचे निघाले: खळ देऊन ताठ केलेली विरळ मलमल! या लांब प्रकाराला आज ‘रोमँटिक टूटू’ म्हणतात.

पुढे नृत्य कठीण होत गेले आणि घेर वर सरकत गेला. १८९५ साली रशियात ‘स्वान लेक’मध्ये पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. असे कसब दिसायचे तर पाय दिसणे भाग होते. घेर असा आखूड होत होत कमरेभोवती ताटासारखा आडवा पसरणारा ‘क्लासिकल टूटू’ रूढ झाला. त्यात जाळीचे दहा-बारा थर असतात. सर्वांत आखूड थर खाली, सर्वांत रुंद वर, आणि ते एकमेकांना सैल टाक्यांनी धरलेले. एका प्रकारात थरांमध्ये पोलादी तारेचे कडेही असते. १९५० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कारिन्स्का या वेशभूषाकर्तीने हे कडे काढून टाकले आणि थोड्या थरांचा, मऊ, पावडरच्या पफसारखा फुगीर टूटू शिवला. पाय उघडे दिसले तरी ते पूर्ण लांबीच्या घट्ट मोज्यांनी झाकलेले असतात.

आक्काला मी हे सारे सांगितले आणि विचारले, “आपल्या नऊवारीचा काष्टा कशासाठी?” ती क्षणभर थांबली. शेतातील बाई, घोड्यावरची स्त्री आणि फडातील लावणीची कलावंत, तिघींचे पाय ज्या वस्त्राने मोकळे केले ते तेच नऊ वार. पाय मोकळे राहावेत हा प्रश्न आपल्याला परका नाही. उत्तर तेवढे वेगळे आहे.

आणि बॅलेही आता परका उरलेला नाही. आना पाव्हलोव्हा ही रशियन नर्तकी भारतात येऊन गेली होती; अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर बेतलेले तिचे नृत्यनाट्य १९२३ साली लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये झाले. त्याच वर्षी तिने उदय शंकर या भारतीय तरुणाबरोबर राधा-कृष्णाचे नृत्य सादर केले. मुंबईत तुश्ना डल्लास यांची बॅलेची शाळा १९६६ पासून आहे.

तोडगा अखेर नातीनेच काढला. तिचे नृत्य जुन्या धाटणीचे असल्यामुळे त्याला पोटऱ्यांपर्यंतचा लांब टूटूच शोभणार होता. आक्का प्रसन्न झाली आणि स्वतःच शिलाई यंत्रापुढे बसली. जाळी दुकानातलीच निघाली. लग्नाच्या घागऱ्याला घेर यावा म्हणून आपण जी ताठ जाळी आतून लावतो, तिला बाजारात ‘कॅनकॅन’ म्हणतात; हे नावही पॅरिसमधल्या एका नाचाचेच! आक्काने चुण्या घातल्या, मी वार मोजले. वाळत घातलेला घागरा आमच्या गावच्या माकडांपासून राखण्याचे काम नातीकडे होते.

शालीनतेचा प्रश्न असा सुटला. पण या घागऱ्याच्या इतिहासातील एक प्रकरण वाचल्यापासून माझे मन दुसरीकडेच अडकले होते.

एमा लिव्हरी ही पॅरिसची गुणी नर्तकी. त्या काळी कापड आगीपासून सुरक्षित करण्यासाठी ते रसायनांच्या द्रावणात बुडवीत. परंतु त्यामुळे ते ताठ होई, त्याची शुभ्रता मळे. एमाने तसला घागरा नाकारला. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी रंगमंचाच्या कडेच्या गॅसच्या दिव्याने तिचा घेर पेटला. आठ महिने यातना सोसून ती गेली, तेव्हा तिचे वय विशीचे होते. तिच्या जळक्या पोशाखाचे तुकडे पॅरिसच्या ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत. आदिपुराणातील नीलांजना नाचता नाचता लुप्त झाली, इंद्राने तत्काळ दुसरी नर्तकी उभी केली आणि सभेला फरक कळला नाही. तो एकट्या ऋषभदेवांना कळला. ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. एमाविषयी वाचताना मला तीच आठवली. घेर आणि गिरकी सर्वांना दिसते. आत एक जीव आहे, हे पाहणारा विरळा.

मग मला आमच्या समारंभांची समई दिसू लागली. दीपप्रज्वलनानंतर ती बहुधा व्यासपीठाच्या कडेलाच तेवत राहते आणि त्याच व्यासपीठावर मुली गिरक्या घेतात. आजची जाळी मलमलीची नसून नायलॉनची असते. ती पेटली की वितळते आणि वितळलेले कापड कातडीला चिकटते. आक्काला संकोच वाटला तो आखूड घेराचा. ज्योतीजवळ अधिक धोक्याचा मात्र लांब आणि फुगीर घेर. मी संयोजकांना दूरध्वनी करून विनंती केली, की दीपप्रज्वलन होताच समई व्यासपीठावरून खाली, मुलींच्या वाटेपासून दूर न्यावी. त्यांनी आनंदाने मान्य केले. दिव्याचा मान तसूभरही कमी झाला नाही आणि नात निर्धास्त नाचली.

वाचकहो, आपण कापडाची माणसे. मुलीच्या पोशाखाविषयी घरात बोलणे निघाले, की आपण लांबी मोजतो, रंग पाहतो, लोक काय म्हणतील याचा हिशेब करतो. त्यात तीन प्रश्नांची भर घालावी, असे मला वाटते. यात तिचे हातपाय मोकळे राहतात का? घाम आला, पळावे लागले, तर तिला तो चटकन उतरविता येतो का? आणि जवळ ज्योत असेल, तर तो तिला दगा देईल का? लग्नसराईत आपल्याच दुकानांतून कॅनकॅन लावलेले घागरे आणि लहान मुलींचे झगे शेकड्यांनी जातात. हवन, आरती, फटाके, फुलबाज्या सारे त्याच आवारात असते. गिऱ्हाईक घेर पाहते. विकणाऱ्याने दोन शब्द अधिक सांगावेत. आत सुती अस्तर लावा, झग्याला चटकन निघणारे हुक ठेवा, आरतीच्या वेळी मुलीला चार पावले मागे उभी करा. या सांगण्याला पैसा पडत नाही, आणि जो व्यापारी ते सांगतो त्याच्या दुकानाची पायरी गिऱ्हाईक विसरत नाही.