नवा कॉम्प्युटर आणि ४८०० चा आकडा

हा अनुभव लिहू की नको, असं आठ दिवस चाललं होतं. कारण त्यात चुका माझ्याच आहेत.

बारावीनंतर मुलाला गेमिंग पीसी हवा होता. मी आधी नाहीच म्हणालो. पण पुढे थ्रीडी डिझाइन शिकायचं तर असंच मशीन लागतं, हे पटलं. दीड लाख मोजले. शिक्षकाच्या घरात दीड लाख म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. सुटे भाग आणून जोडणी त्यानेच केली. चार स्लॉट आणि रॅमच्या दोन पट्ट्या. मी म्हटलं, लाव पहिल्या दोन्हीत शेजारी शेजारी. त्याने मॅन्युअल उघडून दाखवलं: प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, स्क्रीन मात्र काळी. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन... "बाबा, थांबा जरा, मेमरी ट्रेनिंग चालू असेल," तो म्हणत होता. मला वाटलं, काहीतरी जळतंय. मी सरळ भिंतीवरचा स्विच बंद केला. तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला.

नंतर त्यानेच समजावलं. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा चालू होताना, सिग्नल नेमका कधी आणि किती व्होल्टेजला नीट पोचतो, हे तपासून जुळवून घेतलं जातं. त्याला काही मिनिटं लागतात. एकदा जमलं की ते साठवून ठेवलं जातं, मग मशीन पटकन सुरू होतं. मी स्विच बंद केल्यामुळे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

विंडोज आलं. टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग दिसला ४८००. खोक्यावर तर ६००० छापलेलं! मी दुकानदाराला फोन लावला आणि नको ते बोललो. मुलगा मागून खुणा करत होता, पण ऐकतो कोण?

तर गोष्ट अशी. ४८०० हा डीडीआर५ च्या प्रमाणित वेगांपैकी एक, सुरक्षित वेग. ६००० हा रॅम बनवणाऱ्याने तपासलेला वेग. त्याची माहिती पट्टीवरच्याच एका छोट्या चिपमध्ये असते. पण तो आपोआप लागू होत नाही, बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो. इंटेलकडे त्याला एक्सएमपी म्हणतात, एएमडीकडे एक्स्पो. प्रत्येक बोर्डाला, प्रत्येक प्रोसेसरला तो झेपेलच असं नाही, म्हणून सुरुवात कमी वेगाने. म्हणजे फसवणूक कुठेच नव्हती.

एक्स्पो चालू केलं, ६००० दिसलं, मी खूश. दोन दिवसांनी गेम मध्येच बंद पडू लागला, आणि डिझाइनची एक फाइल उघडेचना. पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट रात्रभर चालवलं. सकाळी स्क्रीनवर लाल ओळी. रॅम चुका करत होती. सावकाश चालणारी रॅम चालेल एक वेळ, पण चुकीचं लिहून ठेवणारी?

मुलाचं म्हणणं, बायोसचं फर्मवेअर जुनं आहे, नव्या आवृत्तीत रॅम बऱ्याचदा जास्त चांगली जुळते. बोर्डाचा नेमका मॉडेल नंबर बघून फाइल उतरवली, फॅट३२ केलेल्या पेनड्राइव्हवर टाकली. पण अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्डच निकामी होऊ शकतो. आणि आमच्याकडे पावसाळ्यात लाईटचा काय भरवसा! शेजाऱ्यांचा यूपीएस मागून आणला.

अपडेट झालं. त्यात जुनी सेटिंग पुसली गेली, म्हणून एक्स्पो पुन्हा चालू केलं. पुन्हा तीच काळी स्क्रीन. मी खुर्ची मागे ओढली, हात मांडीवर ठेवले आणि घड्याळाकडे बघत बसलो. चार मिनिटं! चौथ्या मिनिटाला स्क्रीन उजळली. त्या रात्री मेमटेस्टमध्ये एकही चूक आली नाही.

दुकानदाराची फोन करून माफी मागितली. "सर, असे फोन येतच असतात," ते हसून म्हणाले. मला आणखीच ओशाळल्यासारखं झालं.

ती बिघडलेली फाइल मात्र परत उघडली नाही. त्याने ती पुन्हा पहिल्यापासून केली.