अठ्ठावीस सुया

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी कसं आहे ते आमच्या विंगला चांगलं माहीत आहे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.

2024 च्या दिवाळीनंतर पुण्यात माझ्या आजोबांच्या उजव्या फुप्फुसाचा एक भाग कॅन्सरच्या गाठीसकट काढला. ऑपरेशन नीट झालं, आम्ही श्रीगोंद्याला परत आलो. वाटलं, सुटलो! पण डिस्चार्जच्या कागदावर दोन गोष्टींखाली रेघ मारलेली होती : रोज चालायचं, आणि ऑपरेशनपासून अठ्ठावीस दिवस पोटात रोज एक इंजेक्शन घ्यायचं.

कारण, रक्ताची गुठळी. पायाच्या शिरेत झालेली गुठळी सुटून हृदयातून थेट फुप्फुसात जाऊन अडकते, हे रुडॉल्फ फिरखो या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. गुठळीची तीन कारणं आजही त्याच्याच नावाने शिकवतात : प्रवाह मंदावणं, शिरेच्या भिंतीला इजा होणं आणि रक्त घट्ट होण्याकडे झुकणं. कॅन्सर आणि मोठं ऑपरेशन म्हणजे तिन्ही एकदम. त्यात फुप्फुस आधीच कमी झालेलं, म्हणजे राखीव साठा नाही. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात प्रवाहाची गणितं मी सोडवली आहेत, पण तिथे पाइप चोंदला तर मार्क जातात, माणूस जात नाही.

पी.एल.साठी घरी असल्यामुळे सुई द्यायचं काम माझ्याकडे आलं. बेंबीपासून लांब, कातडी चिमटीत धरून. नंतर चोळायचं नाही. पोटावर निळे डाग पडायचे. सुईपेक्षा त्रास पाहुण्यांचा. ऊसतोड सोडून लोक भेटायला येत आणि एकच म्हणत, "आण्णा, उठू नका, पडून ऱ्हावा." आणि आजोबा पडून राहत! मग मी त्यांना हाताला धरून अंगणात फिरवायचे आणि पाहुणे माझ्याकडे कसाई असल्यासारखं बघायचे. असो.

बाराव्या दिवशी खोक्यातला बारीक अक्षरांचा कागद वाचला. घरात इंग्रजी वाचणारी मीच. हे औषध हेपॅरिनपासून बनतं, आणि हेपॅरिन डुकराच्या आतड्यातून काढतात. (पूर्वी गाईबैलांच्या फुप्फुसांतूनही काढत.) माझे आजोबा माळकरी. आमचं गाव शेख महंमद महाराजांचं, जन्माने मुसलमान आणि भक्ती विठ्ठलाची. त्यामुळे मन मोठं असेल म्हणावं, तर आजोबा अंड्याचा केकसुद्धा चाखत नाहीत.

बाबा म्हणाले, "अजिबात सांगायचं नाही. बंद केलं तर?" त्यांची भीती खरी होती. पण पोट आजोबांचं, माळही त्यांचीच. मी आधी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, संपूर्ण रासायनिक पद्धतीने बनवलेलं दुसरं इंजेक्शन मिळतं, पण किडनीचा रिपोर्ट बघून ठरवू. तोवर एकही डोस चुकवू नका. मग आजोबांना दोन्ही गोष्टी सांगितल्या.

ते बराच वेळ माळ चाचपत बसले.

"किती झाल्या?"

"बारा. आजची तेरावी."

"बदलायचं तवा बदलू. आजची दे." त्यांनी स्वतःच सदरा वर केला. "आन् तुझ्या आज्जीला बोलू नको. सैपाकघरात पाऊल ठिवू द्यायची न्हाय मला."

पंधराव्या दिवशी रिपोर्ट चांगला आला आणि डॉक्टरांनी औषध बदललं. नवीन सुई जास्त टोचते, असं आजोबांचं म्हणणं होतं.