नकाशाचे नातेवाईक

"तू ऑफिसात नक्की करतेस तरी काय गं?" हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात निदान चारदा येतो. "नकाशे" असं उत्तर दिलं की आत्या म्हणते, "ते तर इंग्रजांनीच करून ठेवलेत की!" खरं सांगायचं तर मी नकाशे फारसे काढतच नाही. माझा दिवस जातो तो नकाशाच्या नातेवाइकांना सांभाळण्यात. सगळ्या नातेवाइकांसाठी आज एकदाच लिहून टाकते :)

२०२० साली करोनाच्या काळात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा लाल ठिपक्यांचा डॅशबोर्ड आपण सगळ्यांनीच पाहिला. मधे नकाशा, बाजूला याद्या आणि आकडे. एका देशावर टिचकी मारली की बाकीचं सगळं त्या देशापुरतं. हे आपोआप होतं असं वाटतं ना? तसं नसतं. कुणीतरी बसून प्रत्येक चौकटीला सांगावं लागतं, की नकाशावर अमुक निवडलं तर तू तमुक ओळीच दाखव.

आता आपल्या घरचं उदाहरण. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यभरातल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजते. विहिरीला जागा आहे, म्हणून ती नकाशावर ठिपका होते. पण मोजमापांचा तक्ता वेगळा. त्यात तारीख, पातळी आणि विहिरीचा क्रमांक, बस्स. ती विहीर कुठे आहे, हे त्या ओळीला माहीतच नसतं. एका ठिपक्यामागे वर्षाला चार ओळी, आणि दोघांना बांधणारा धागा फक्त तो क्रमांक. तक्ते असे एकमेकांशी जोडून ठेवण्याची पद्धत एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली, आणि आजही जग त्यावरच चाललंय.

घोटाळा होतो तो इथे. नकाशा सरकवत सरकवत तुम्ही बीडवर आणलात, तर दिसणाऱ्या भागापुरते ठिपके गाळून मिळतात. पण खालच्या तक्त्याला जागाच नाही, तर त्याला बीड काय आणि भंडारा काय! क्रमांक जुळवून गाळ, असं त्याला वेगळं सांगितलं नसेल तर वर बीड दिसतं आणि खाली सरासरी सगळ्या महाराष्ट्राची. संगणक कुठेही लाल अक्षरांत ओरडत नाही. आकडा खराच असतो, फक्त दुसऱ्याचा असतो.

दुसरी गंमत मोजणीची. लग्नात दोन याद्या असतात बघा, एक आमंत्रणाची आणि एक आहेराची वही. एका घरातून तीन पाकिटं आली तर वहीत तीन ओळी. दोन्ही याद्या जोडून "किती घरं आली?" म्हणून ओळी मोजल्या, तर ते एकच घर तीनदा मोजलं जाणार. विहिरींचंही तसंच. मोजमापांसकट जोडल्या की एका विहिरीच्या चार होतात, आणि मीटिंगमधे कुणीतरी खूश होतं, की अरे वा, एवढ्या विहिरी!

बरं, धागा नावाचा असला तर आणखी मजा. वडगाव म्हटलं तर नक्की कुठलं? औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावं २०२३ साली बदलली, अहमदनगरचं २०२४ साली. नावावर बांधलेले फिल्टर त्या त्या दिवशी मुके होणार. म्हणून जनगणनेचे गावांचे कोड वापरायचे. तिथेही एका तक्त्यात कोड अंक म्हणून असतो, दुसऱ्यात मजकूर म्हणून, आणि दोघं एकमेकांना ओळख देत नाहीत. शिवाय पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ला. २०११च्या जनगणनेच्या तक्त्यात तो नाहीच. पालघरवर टिचकी मारा, तक्ता रिकामा. ठाण्यावर मारा, तर पालघरसकट १ कोटी १० लाखांवर माणसं.

हे सगळं निस्तरता येतं. मला खरी भीती वाटते ती रिकाम्या जागेची.

मागच्या उन्हाळ्यात सहज माझं आजोळ शोधत होते. फिल्टर लावला होता, "मे महिन्यात पाणी दहा मीटरपेक्षा खोल". आजूबाजूला ठिपके होते, आमच्या गावावर काहीच नाही. पांढरं स्वच्छ. त्याच संध्याकाळी मामाचा फोन आला. म्हणाला, "टँकर दोन दिवसांआड येतोय. तुझी मामी पहाटेच नंबर लावते."

गावात निरीक्षण विहीरच नव्हती. राज्यात गावं चाळीस हजारांवर आणि अशा विहिरी काही हजार, तेव्हा बहुतेक गावांचं हेच. आहेराच्या वहीत ज्याचं नाव नाही तो आलाच नव्हता, की आला आणि नुसता जेवून गेला, की लिहिणाराच तेव्हा पंगतीला बसला होता? वही सांगत नाही. फिल्टरही सांगत नाही. ज्या गावात भरपूर पाणी आहे ते, आणि ज्याचं पाणी कुणी मोजलंच नाही ते, दोन्ही सारखीच नाहीशी होतात. आणि टँकर कुठे पाठवायचा हे ठरवताना असा नकाशा समोर असेल, तर पांढऱ्या जागेकडे कोण बघणार?

तेव्हापासून माझ्या नकाशांवर एक करडा रंग असतो: "नोंद नाही". तो फिल्टरने पुसला जात नाही, तशी सोयच करते. "हा रंग काढा हो, नकाशा भकास दिसतो," असं मला दोनदा सांगून झालंय. असेना भकास. माझ्या मामाचं गाव त्या करड्यात आहे.