चोरीचा आळ, व्हाया लिंबागणेश

शुक्रवारची रात्र, मागवलेला पिझ्झा आणि दरोड्याचा पिक्चर. वीकेंडची यापेक्षा सेफ सुरुवात नाही! टोळी जमते, टेबलावर नकाशा पसरतो, कोणीतरी कोणाला तरी गंडवतो आणि दोन तासांत तिजोरी साफ. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये प्राइम व्हिडिओवर आलेला ‘प्ले डर्टी’ हा याच फॅमिलीतला. दिग्दर्शक शेन ब्लॅक, चोराच्या भूमिकेत मार्क वॉलबर्ग. हा चोर म्हणजे पार्कर. डोनाल्ड वेस्टलेकने ‘रिचर्ड स्टार्क’ या टोपणनावाने १९६२ ते २००८ या काळात त्याच्यावर चक्क २४ कादंबऱ्या लिहिल्या.

आता ‘आपल्याकडे असलं काही नाही यार’ असा उसासा टाकू नका. टोपणनावाने लिहिणारे बाबुराव अर्नाळकर आपल्याकडे होतेच. खरं नाव चंद्रकांत चव्हाण. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांच्या नावावर आहेत. त्यांचा काळापहाड रात्री तिजोऱ्या फोडायचा आणि वाचकाला तो चोर पोलिसांपेक्षा जास्त आवडायचा. तेव्हा स्ट्रीमिंग नव्हतं, पण वाचनालयात पुढच्या पुस्तकासाठी नंबर लागायचे.

आणि त्याहून जुना थ्रिलर तर तुम्ही शाळेत जायच्या आधीच ऐकलाय. गणेश चतुर्थीला आजी म्हणायची ना, ‘आज चंद्र बघू नको, चोरीचा आळ येईल’? तोच. सत्राजिताकडे रोज सोनं देणारा स्यमंतक मणी असतो. त्याचा भाऊ प्रसेन तो गळ्यात घालून शिकारीला जातो आणि परत येतच नाही. गावात कुजबुज सुरू होते, मणी कृष्णाने लांबवला. कारण? त्याने चतुर्थीचा चंद्र पाहिला होता. आता कृष्ण काय करतो बघा. तो खुलासे देत बसत नाही. माग काढत जंगलात शिरतो. आधी प्रसेनाचं प्रेत सापडतं, मग त्याला मारणारा सिंह, तोही मेलेला, आणि शेवटी सिंहाला मारून मणी नेणाऱ्या जांबवंताची गुहा. तिथे लढून तो मणी परत आणतो आणि ज्याचा त्याला देऊन टाकतो. दरोड्याच्या पिक्चरमध्ये प्रश्न असतो, माल कसा उडवायचा? आपल्या गोष्टीत प्रश्न आहे, न केलेल्या चोरीचा डाग कसा पुसायचा?

या गोष्टीचं लोकेशन बघायचं असेल तर बीड जिल्ह्यात या. गाव लिंबागणेश. इथला गणपती भालचंद्र, म्हणजे कपाळावर चंद्र धारण केलेला. गणपतीला हसल्याबद्दल चंद्राला शाप मिळाला, त्याने इथे तप केलं आणि उःशाप मिळवला, अशी कथा आहे. शाप पूर्ण गेला नाही, फक्त एका रात्रीपुरता उरला. ती रात्र म्हणजे भाद्रपद चतुर्थी.

रस्ता मस्त आहे. पुण्याहून अहिल्यानगर, आष्टी, जामखेड करत पाटोद्याकडे निघायचं. पावसाळा असेल तर वाटेत सौताड्याचा धबधबा चुकवू नका. पाटोदा सोडलं की मांजरसुंब्याच्या रस्त्यावर लिंबागणेश. आजूबाजूला बालाघाटचं पठार, ज्वारी-तुरीची रानं आणि क्षितिजावर पवनचक्क्या.

पण निघण्याआधी ऑफिसमध्ये सांगून बघा, ‘वीकेंडला बीडला चाललोय.’ लगेच कोणीतरी म्हणणार, ‘बुलेटप्रूफ जॅकेट घे!’ पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या बीडच्या मुलांना हा जोक पाठ आहे. भाड्याने खोली बघताना गाव सांगितलं की समोरचा चेहरा कसा बदलतो, हेही त्यांना पाठ आहे.

यामागे खरी आणि भयंकर घटना आहे. डिसेंबर २०२४मध्ये केज तालुक्यात एका पवनचक्की प्रकल्पावर वॉचमनला मारहाण झाली. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख मध्ये पडले. तीनच दिवसांनी, ९ डिसेंबरला, त्यांचं अपहरण करून हत्या झाली. मुळाशी खंडणी होती, असं तपास यंत्रणेचं म्हणणं आहे. हा आळ नाही, हा गुन्हा आहे. आळ आहे तो नंतरचा, सगळ्या जिल्ह्यावर आलेला. त्या हत्येचा जाब विचारायला २८ डिसेंबरला बीडच्या रस्त्यावर उतरलेली प्रचंड गर्दी बीडकरांचीच होती, आणि मध्ये पडणारा सरपंचही बीडचाच होता. हे मात्र जोकमध्ये येत नाही. दिवाळीच्या सुमाराला इथून लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडतात. तुमच्या कॉफीतल्या साखरेत त्यांचाही घाम आहे. तेही जोकमध्ये येत नाही.

आणि तो वॉचमन? दरोड्याच्या पिक्चरमध्ये त्याला दोन सेकंद मिळतात. डोक्यात फटका, तोंडावर टेप, पुढचा सीन. खऱ्या आयुष्यात कॅमेरा पुढे सरकत नाही. दिवेआगरच्या सुवर्णगणेशाचंच बघा. मार्च २०१२मध्ये तिथे दरोडा पडला, सोन्याचा मुखवटा गेला आणि दोन पहारेकरी जिवानिशी गेले. चोरांनी मुखवटा वितळवून टाकला. पुढे आरोपींना शिक्षा झाली, हाती लागलेल्या सोन्यातून मुखवटा पुन्हा घडवला गेला आणि २०२१मध्ये तो देवळात परत आला. पहारेकरी काही परत आले नाहीत.

याचा अर्थ दरोड्याचे पिक्चर बंद करा असा अजिबात नाही. बघा, बिनधास्त बघा. फक्त वॉचमन पडला की त्याला घरी कोण कोण असेल, एवढं मनात येऊ द्या. आणि एखाद्या गावाबद्दल ऐकलेलं खरं मानण्याआधी कृष्णाचा फंडा वापरा. माग काढत स्वतः जा. लिंबागणेशला दर्शन घ्या, टपरीवर चहा सांगा आणि शेजारी बसलेल्या काकांना पाऊसपाणी विचारा. ‘कुठून आलात?’ हा प्रश्न येईलच. तुम्ही तुमच्या गावाचं नाव सांगाल, तेव्हा त्यांचा चेहरा बघा. बीडच्या मुलाने गावाचं नाव सांगितल्यावर आपला होतो, तसा तो बदलतो का?

कसं जाल : पुण्याहून अहिल्यानगर–जामखेड–पाटोदा मार्गे. रेल्वेने यायचं तर सप्टेंबर २०२५पासून अहिल्यानगर–बीड गाडी सुरू झाली आहे. बीडहून मांजरसुंबा, तिथून पाटोद्याकडे वळा.
जोडीला काय : मांजरसुंब्याजवळचं कपिलधार, म्हणजे धबधबा आणि मन्मथस्वामींची समाधी. आणखी गणपती हवे असतील तर बीडजवळचं नामलगाव आणि नवगण राजुरी.
काय आणाल : हंगामात बालाघाटचं सीताफळ. बीडच्या सीताफळाला जीआय मानांकन आहे.
कधी जाल : कधीही. संकष्टीला गर्दी असते. भाद्रपद चतुर्थीला गेलात तर रात्री मान खाली ठेवा!