शेजारच्या घरासह जपलेलं घर

माजी अमेरिकी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी गेले. वयाची शंभरी ओलांडून, जॉर्जिया राज्यातल्या प्लेन्स या आपल्या जन्मगावी आणि राहत्या घरी. १९६१ साली बांधलेलं ते साधं बैठं घर. १९८१मध्ये सत्ता गेल्यावर ते पत्नी रोझलिन यांच्यासह तिथेच परतले होते.

प्लेन्स आज कार्टर यांचं स्मारक आहे. १८८८ सालचं लाकडी रेल्वे स्टेशन १९७६च्या निवडणुकीत प्रचाराची कचेरी होतं. आज तिथे त्या प्रचाराचं प्रदर्शन आहे. जुन्या शाळेत संग्रहालय आहे. पण प्लेन्सला जाणाऱ्यानं वेळ राखून ठेवावा तो गावाबाहेरच्या आर्चरी इथल्या शेतघरासाठी.

कार्टर कुटुंब इथे आलं १९२८ साली. जिमी तेव्हा चार वर्षांचा होता. घरात वीज आली १९३८मध्ये आणि डागडुजी करणाऱ्यांनी घर जाणूनबुजून त्याआधीच्या काळात नेऊन ठेवलं आहे. न्हाणीघरात वर एक बादली टांगलेली दिसते. तिच्या तळाला भोकं पाडली आहेत. हाच त्यांचा शॉवर! बाहेर पवनचक्की, लोहारकामाची शेड, वडिलांचं किराणा दुकान, आणि सभोवती भुईमूग पिकवणारी तांबडी माती.

आवारातच आणखी एक घर तितक्याच आस्थेनं जपलं आहे. शेतावर काम करणाऱ्या जॅक आणि रेचल क्लार्क या कृष्णवर्णीय जोडप्याचं ते घर. पहाटे उजाडण्याआधी घंटा वाजवून शेत जागं करायचे ते जॅक. आईवडील गावाला गेले की छोटा जिमी रेचलकडेच झोपायचा. पण सकाळी खेळगड्यांच्या वाटा फुटत. गोऱ्या मुलांची शाळा वेगळी, काळ्या मुलांची वेगळी. १९७१मध्ये जॉर्जियाचे गव्हर्नर झाल्यावर पहिल्याच भाषणात कार्टर यांनी वंशभेदाचा काळ संपला असं ठणकावून सांगितलं. त्या धैर्याची मुळं या दोन घरांमधल्या अंगणात सापडतात.

त्या अंगणाचं आपल्याशीही नातं आहे. कार्टर यांच्या आई लिलियन पेशानं परिचारिका. वर्णभेद न मानता त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांची शुश्रूषा करत. वयाच्या ६८व्या वर्षी, १९६६मध्ये, त्या पीस कोअर या अमेरिकी स्वयंसेवक योजनेतून थेट मुंबईतल्या विक्रोळीला आल्या आणि गोदरेज वसाहतीच्या दवाखान्यात राबल्या. पुढे २००६मध्ये कार्टर दांपत्य लोणावळ्याजवळच्या पाटण गावी आलं आणि स्वयंसेवकांबरोबर गरिबांची घरं बांधू लागलं. माजी राष्ट्राध्यक्ष ८२व्या वर्षी हातात हत्यारं घेऊन उभे होते.

नारूचं दुखणं आपल्या जुन्या पिढीनं पाहिलं आहे. १९८६मध्ये जगात त्याचे सुमारे ३५ लाख रुग्ण होते. कार्टर यांच्या संस्थेनं नारूच्या निर्मूलनाचा विडा उचलला आणि त्यांच्या हयातीतच वर्षाकाठचे रुग्ण दोन डझनांच्याही खाली आले. २००२चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं ते अशा कित्येक दशकांच्या कामासाठी.

४ जानेवारी २०२५ रोजी त्यांची अंत्ययात्रा शेतघरापाशी थांबली. ३९व्या राष्ट्राध्यक्षांसाठी शेतावरच्या जुन्या घंटेचे ३९ टोल पडले.

आपल्याकडेही थोरांचे वाडे स्मारकं होतात. तिथे खुर्ची, पगडी, चष्मा सारं जपलं जातं. पण ज्यांच्या कष्टावर ते घर चाललं, त्या गड्यांची आणि मोलकरणींची खोली मात्र कधीच पाडलेली असते. क्लार्क यांचं घर पाडलं असतं तर कार्टर कसे घडले, हे निम्मंच कळलं असतं. माणूस घडतो तो शेजारासह; म्हणून जपायचा तोही शेजारासह. आपल्या स्मारकांनी एवढं जरी प्लेन्सकडून घेतलं, तरी घरं बांधत राहिलेल्या या माणसाला ती खरी श्रद्धांजली ठरेल.