त्वचेचे आरोग्य आणि श्रावकाची दिनचर्या

बारा भावनांमध्ये सहावी अशुचि भावना. देह वरून कितीही सुंदर दिसला तरी त्याच्या आत काय भरलेले आहे, याचे चिंतन ती करावयास लावते. परंतु या चिंतनाचा अर्थ देहाची हेळसांड असा कोणी घेऊ नये. सामायिक, स्वाध्याय, तप आणि सेवा हे सारे याच देहाच्या आधाराने घडते. त्वचा सजविण्याचा मोह वेगळा आणि ती निरोगी राखण्याची जबाबदारी वेगळी. हा भेद ज्या घराला उमगला, त्या घराचा पैसाही वाचतो आणि त्रासही.

शहागड हे अंबड तालुक्यातील गोदाकाठचे, धुळे-सोलापूर महामार्गावरचे गाव. अशा गावातील व्यापाऱ्याचा दिवस दुकानाच्या उंबरठ्यावर जातो. रस्त्याची धूळ, पोत्यांचा कोंडा, पत्र्याखालची धग आणि घामाने भिजून अंगावरच वाळलेला सदरा, हे त्याचे रोजचे सोबती. मराठवाड्याचा उन्हाळा चाळीस अंशांपलीकडे जातो. मग घामोळे येते, जांघेत व काखेत खाज सुटते, नायटा पसरतो. हिवाळ्यात तीच त्वचा कोरडी पडून टाचांना भेगा जातात. यांतील बराचसा त्रास आहार व सवयी यांनी टाळता येतो.

आहाराच्या बाबतीत जैन घराला परंपरेने पुष्कळ दिलेले आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन, मिताहार आणि तिथींचा संयम यांमुळे पचनाला विसावा मिळतो. चैत्र व आश्विन महिन्यांतील आयंबिलाच्या ओळीत नऊ दिवस दूध, दही, तूप, तेल, गोड आणि तळीव यांचा त्याग असतो. त्याचा हेतू कर्मनिर्जरेचा, कांतीचा नव्हे. तरीही जिभेच्या किती मागण्या अनावश्यक आहेत, हे त्या नऊ दिवसांत कळते. अडचण येते ती पारण्यानंतर. दुकानावर दिवसभर येणारा साखरेचा चहा, शेव-फरसाण आणि मिठाई यांची गाडी पुन्हा सुरू होते. साखर व मैदा यांचा अतिरेक तारुण्यपीटिका वाढवू शकतो, हे घरातील तरुणांना आवर्जून सांगितले पाहिजे.

ज्यांच्या घरी गाजर वर्ज्य आहे, त्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वासाठी लाल भोपळा, पपई, आंबा आणि शेवग्याची पाने यांचा आधार घ्यावा. ‘क’ जीवनसत्त्वासाठी दूर जाण्याचे कारण नाही. भौगोलिक मानांकन लाभलेली जालन्याची मोसंबी दाराशीच आहे. तिचा साखर घातलेला रस पिण्यापेक्षा फोडी खाव्यात. चातुर्मासात पालेभाज्या बंद होतात, तेव्हा डाळी, दूध व दही यांचे प्रमाण कमी होऊ देऊ नये. चौविहार पाळणाऱ्यांनी उन्हाळ्यात दिवसाउजेडी पुरेसे पाणी पिण्याचे भान ठेवावे. दुकानातील गर्दीत नेमके तेच राहून जाते.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगावयास हवी. ‘ब-१२’ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. शाकाहारी घरात ते मुख्यतः दुधातून येते आणि ते पुष्कळदा अपुरे पडते. बोटांचे सांधे काळसर दिसू लागले, जीभ लाल व गुळगुळीत झाली, हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तर मुलीला हात घासून धुण्याचा उपदेश करण्याऐवजी तिची रक्ततपासणी करावी. जिलेटिनच्या कॅप्सूलचा संकोच असेल, तर वैद्यांकडून गोळी लिहून घेता येते.

नित्याची काळजी साधी आहे. फार कढत पाण्याने त्वचेवरील नैसर्गिक तेल निघून जाते, म्हणून स्नानाला कोमट पाणी घ्यावे. अंग पुसल्यावर ओलसरपणा असतानाच खोबरेल तेलाचा हलका हात फिरवावा. अंग चोळण्यासाठी दगड वा खरखरीत घासणी वापरू नये. सैल सुती कपडे, रोज बदललेला सदरा, उन्हात डोक्यावर टोपी किंवा रुमाल आणि प्रत्येकाचा टॉवेल वेगळा, एवढे पाळले तरी अर्धे काम होते. लिंबू कापून थेट चेहऱ्यावर चोळण्याचा घरगुती उपाय टाळावा. तो रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले की ती भाजते आणि डाग उरतात.

आता खऱ्या चिंतेचा विषय. खाज सुटली की दुकानातून एखादी ट्यूब आणायची आणि दोन दिवसांत आराम पडला की तिचे गुण गायचे, ही रीत गावोगावी आहे. अशा पुष्कळ मिश्र मलमांत स्टेरॉइड असते. खाज व लाली ते लगेच दाबते; परंतु नायट्याची बुरशी मरत नाही, उलट आत पसरत जाते. मलम थांबवले की रोग दुप्पट होऊन परततो. त्वचा पातळ होते, जांघेत कायमचे पट्टे उमटतात, चेहऱ्यावर लाली व लव येते. हे चढ्या व्याजाच्या उचलीसारखे आहे. रोख तत्काळ हाती येते, पण मुद्दल कधीच फिटत नाही. खरा उपचार वैद्यांच्या सल्ल्याने काही आठवडे सलग, डाग दिसेनासा झाल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत करावा लागतो. घरात आणखी कोणाला लागण असेल, तर त्याचेही औषध बरोबरच सुरू करावे लागते.

2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या ‘शेड्यूल एच’मध्ये आणली. व्यापारी समाजाने हा नियम केवळ ग्राहक म्हणून वाचू नये. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘विरुद्धराज्यातिक्रम’ आणि ‘प्रतिरूपक व्यवहार’ हे दोन सांगितले आहेत. पहिला राज्याचा नियम ओलांडण्याचा, दुसरा अस्सल म्हणून भेसळ खपविण्याचा. गल्ल्यावर बसून चिठ्ठीविना अशी ट्यूब पुढे करणे यांपैकी कशात मोडते, याचा विचार ज्याने त्याने प्रतिक्रमणाच्या वेळी करावा.

गोरेपणाच्या क्रीमची गोष्ट याहून गंभीर आहे. 2023 च्या आरंभी अकोल्यातील एका कुटुंबातील आई व दोन मुली यांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध लागला, तेव्हा कारण निघाले चेहऱ्याला लावायचे एक क्रीम आणि त्यातील पारा. सौंदर्यप्रसाधनांत पाऱ्याचा अंश दशलक्ष भागांत एका भागापेक्षा अधिक असू नये, असा सर्वसाधारण नियम आहे. त्या क्रीममध्ये तो कितीतरी पट अधिक होता. लग्न ठरलेल्या मुलीला ‘आठ दिवसांत उजळ’ करणारी बिनलेबलची डबी आणून देणारे आप्त प्रेमानेच देतात. तरीही घरातील वडीलधाऱ्यांनी ती डबी परत करण्याचे धैर्य दाखवावे. सावळा वर्ण हा आजार नाही आणि त्यावर औषध नको.

काही खुणांना मात्र विलंब चालत नाही. संवेदना हरपलेला फिकट चट्टा, दीर्घकाळ न भरणारी जखम, रंग वा आकार बदलणारा तीळ दिसला, तर तो लपवू नये. फिकट, बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो. त्यावरचे औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते, सहा किंवा बारा महिन्यांत उपचार पूर्ण होतो आणि वेळीच गेल्यास व्यंग येत नाही. शहागडच्या रुग्णाला जालन्याचे जिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय गाठता येते. लाजेपोटी घालविलेले महिने मात्र कोणतेही रुग्णालय परत देऊ शकत नाही.

अशुचि भावना देहाचा अभिमान सोडावयास शिकविते. रंगाचा मोह आणि चट्ट्याची लाज हीदेखील त्याच अभिमानाची रूपे आहेत. ती दोन्ही सुटली, की संयमित ताट, स्वच्छ सदरा, वाटीभर खोबरेल आणि वेळेवर घेतलेला वैद्यांचा सल्ला एवढ्यावर बहुतेक घरांचे भागते.