तेरा दात

मोताळ्याकडून बुलढाण्याला यायचं तर राजूर घाट चढावा लागतो. आमच्या जिल्ह्यात नवा माणूस भेटला की तो घाटावरचा की घाटाखालचा, हे आधी विचारतात. गॅरेजवाल्याला विचारावं लागत नाही. रोज घाट चढणाऱ्या गाडीच्या क्लच प्लेटा आणि ब्रेकचे लायनर हातात घेतले की गाडीचं गाव कळतं.

गेल्या मे महिन्यात घाटाखालचा एक दूधवाला पोरगा सकाळी सातलाच दुकानापुढे येऊन थांबला. बापाच्या वेळची स्प्लेंडर, दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन. दूध घालून आला होता, कॅन रिकामे वाजत होते. त्याने खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेला पिस्टन काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"काका, हा बसवून द्या. घाटात दमच नाही राह्यला हिच्यात."

पिस्टन ५३ मिलिमीटरचा होता. स्प्लेंडरचा असतो ५० चा.

ही गाडी १९९४ साली आली. त्याच्याही आधी, १९८५ मध्ये, सीडी १०० आली होती; इंजिन त्याच घराण्यातलं. ९७.२ सीसी, ताकद साधारण साडेसात अश्वशक्ती. कागदावर वाचलं तर हसू येतं. पण या साडेसातात आमच्याकडे सरकीची ढेप वाहिली जाते, बायको-पोरं शेगावला दर्शनाला जातात, सैलानीच्या यात्रेला चौघं बसून जातात (जाऊ नये, पण जातात) आणि इंजिनात लिटरभरही नसलेलं तेल बदलायची आठवण सहा-सहा महिने कोणाला होत नाही. तरी ते चालतं. त्याचं कारण मला वाटतं ते असं, की बनवणाऱ्याने प्रत्येक भागाला थोडं राखून वापरलं आहे. क्रँकची बेअरिंग, क्लच, गिअरचे दात, हेडच्या पात्या, पुढचा-मागचा ड्रम ब्रेक, सगळे एकाच मापाने जेवतात. त्यातल्या एकालाच जास्तीचं ताट वाढायचं म्हणजे बाकीच्यांना उपाशी कामाला लावायचं.

पोराला मी हिशेब करून दाखवला. स्ट्रोक ४९.५ तोच राहणार. बोअर ५३ केला तर ९७ चे १०९ सीसी होतात, म्हणजे बारा टक्के वाढ. सगळं जमून आलं तरी साडेसाताचे साडेआठही होत नाहीत. एक आख्खा घोडासुद्धा नाही. त्यासाठी ब्लॉकच्या स्लीव्हमधून चारही बाजूंनी दीड-दीड मिलिमीटर लोखंड काढायचं. राहिलेल्या पातळ भिंतीने मे महिन्यातल्या ४४ अंशात, भरल्या कॅनांनिशी, दुसऱ्या गिअरमध्ये, वारा नसलेल्या वळणावर उष्णता बाहेर टाकायची. कंपनीचे ओव्हरसाईज पिस्टन पाव-पाव मिलिमीटरने एकापर्यंतच मिळतात, ५१ च्या पुढे नाही, आणि त्यांनी ती रेघ उगाच ओढलेली नसणार.

पोरगा ऐकत होता, पण डोळे पिस्टनवर. मला त्याचा राग आला नाही. मीही असाच होतो.

१९९३ ची गोष्ट. मी उस्तादांच्या हाताखाली होतो आणि आरएक्स १०० या गाडीने गावातल्या सगळ्या पोरांना वेड लावलं होतं. ९८ सीसी, म्हणजे स्प्लेंडरएवढंच पोट, पण टू-स्ट्रोक. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला ठिणगी. म्हणून अकरा अश्वशक्ती. एका गिऱ्हाइकाला ती अकराही पुरेना. उस्ताद लग्नाला गेलेले होते. मी त्यांची कानस घेतली आणि ब्लॉकचं एक्झॉस्टचं तोंड वरच्या बाजूने घासलं. डोळ्याच्या अंदाजाने. चिखली रोडला सपाटीवर गाडी काय पळाली! गिऱ्हाईक खूश, मी त्याहून खूश. खोटं कशाला बोलू, तो आवाज आजही कानात आहे.

दुसऱ्या दिवशी तो बायकोला मागे बसवून मलकापूरला गेला आणि परतताना राजूर घाटात अडकला. तोंड वर गेलं की खाली येणारा पिस्टन ते लवकर उघडतो, जळालेल्या वायूचा जोर काम पुरं करायच्या आत बाहेर निघून जातो. इंजिन जोरात फिरत असेल तोवर हे चालतं, उलट फायदाच होतो. पण घाटाच्या वळणावर फेरे पडले, की खालची ओढ नसते. गाडी पहिल्या गिअरमध्ये किंचाळत वर आली. बाई अर्धा घाट पायी चढल्या. उस्तादांनी परत आल्यावर ब्लॉक हातात घेतला, बोटाने ते तोंड चाचपलं आणि काही बोलले नाहीत. नवा ब्लॉक स्वतःच्या पैशाने आणला, माझ्या पगारातून रुपयाही कापला नाही. कापला असता तर मी ते कधीच विसरून गेलो असतो.

तेव्हापासून ताकद वाढवून मागणाऱ्याला मी एकच विचारतो: कुठे कमी पडते?

"उद्या कॅन भरून ये," मी पोराला म्हटलं. "मी घाटाखाली थांबतो."

दुसऱ्या दिवशी तो पुढे, मी माझ्या गाडीवर मागे. ऐंशी किलोच्या वर दूध, कॅनचं वजन वेगळं आणि वर तो स्वतः. पहिल्या चढालाच तिसरा गिअर पडून दुसरा लागला आणि नळीतून निळसर धूर दिसायला लागला. तेल जळत होतं. वर आल्यावर प्लग काढला, टोक पांढरंफटक. तेल जळतंय तर प्लग काळा-ओला हवा. हा पांढरा, म्हणजे पेट्रोलच्या मानाने हवाच इतकी आत येतेय की तेलाची काजळीसुद्धा टिकत नाही. बाजूचं झाकण काढलं आणि उत्तर सापडलं. एअर फिल्टरच्या डब्याला ड्रिलने पाडलेली पाच भोकं. फोमही अर्धा कापलेला.

"हे कोणी केलं?"

"दोन वर्सं झाले काका. एकानं सांगतलं, मोकळा श्वास भेटला की पिकअप वाढते."

काही दिवस वाढल्यासारखी वाटली असेलही. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतोच. पण त्या भोकांतून दोन वर्षं सोयाबीनच्या मळणीची धूळ, शेतरस्त्याचा फुफाटा, सगळं थेट सिलिंडरमध्ये गेलं. ब्लॉक खोलून बोअर गेज लावला तर भिंत ०.१५ मिलिमीटर झिजलेली, रिंगा ढिल्या. मागचं चाक उचलून फिरवलं तर एक फेराही पुरा होईना. लायनर ड्रमला घासत होते. म्हणजे घाट चढताना हा रोज ब्रेक दाबून चढत होता. जी ताकद तो माझ्याकडे नवी मागत होता ती त्याच्याच गाडीत होती, एका जुन्या सुधारणेने घालवलेली.

पाव मिलिमीटरचा ओव्हरसाईज पिस्टन टाकला. नवा डबा, नवा फोम. ब्रेक मोकळा केला. आणि पुढचं चौदा दातांचं स्प्रॉकेट काढून तेराचं बसवलं. चौदाला तेराने भागा, ओढ साडेसात टक्क्यांच्या वर वाढते. इंजिनातला एकही भाग न कापता, किरकोळ पैशात आणि अर्ध्या तासाच्या कामात. वरचा वेग तेवढाच कमी होतो, एव्हरेजही थोडं पडतं. पण कॅन लावून सत्तरच्या वर कोण पळवतो? स्प्लेंडरचा काटा पुढच्या चाकावरून चालतो, म्हणून स्प्रॉकेटचे दात बदलले तरी तो खोटं बोलत नाही. नाही पटलं तर चौदाचं परत बसवता येतं. ब्लॉकचं तसं नसतं.

घाट उतरताना तो पोरगा कॅनच्या जागी ढेपेचं पोतं घेऊन जातो, हेही मला नंतर कळलं. साठ किलोचं पोतं आणि एवढेसे ड्रम. वर जायची ताकद वाढवून मागणारा माणूस खाली थांबायची ताकद वाढवून मागायला आलेला मी अजून पाहिला नाही.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण पोरं ते हसण्यावारी नेतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: नोंदणीतला तपशील बनवणाऱ्याने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. आमच्या एमएच २८ च्या आरसीबुकात ९७ सीसी आणि ब्लॉकमध्ये १०९ असलं, आणि घाटात काही घडलं, तर विम्याच्या माणसापुढे काय बोलणार? ज्याला खरंच रोज जास्त ओझं न्यायचं आहे त्याने सरळ १२५ ची गाडी घ्यावी. तिच्यात पिस्टन मोठा करून थांबलेले नाहीत, स्ट्रोकसुद्धा वेगळा असतो. म्हणजे क्रँकपासून सगळं वेगळं, एकमेकांच्या मापाचं.

पोरगा पाचशे किलोमीटर सांभाळून चालवून तेल बदलायला आला. म्हणाला, आता वरच्या मोठ्या वळणापर्यंत तिसऱ्यावर येते, तिथे मात्र दुसरा टाकावा लागतो. टाकायचा. दुसरा गिअर त्यासाठीच दिलेला आहे. त्याचा ५३ चा पिस्टन मी परत देऊ केला, त्याने घेतला नाही.

ताकद वाढवायला येणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: गाडी धुऊन, रिकामी करून आणू नका. रोजचं ओझं लादून, घाट चढून या, आणि इंजिन गरम असतानाच दुकानापुढे उभी करा.